माझी फाइल डिस्कवर नेमकी कुठं आहे?

या वेळी आलेली पत्रं वेगवेगळ्या गावांची आणि वेगवेगळ्या धंद्यांची आहेत, पण बहुतेकांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. फाइल म्हणजे डिस्कवर एका जागी ठेवलेली वस्तू, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. डिस्कवर असतात सारख्या मापाचे असंख्य तुकडे, आणि कुठला तुकडा कुठल्या फाइलचा, याची एक नोंद. ही नोंद ठेवण्याची पद्धत म्हणजे फाइल सिस्टिम. आर्वीच्या माझ्या दुकानात जे पेन ड्राइव्ह, कार्डं आणि हार्ड डिस्क येतात, त्यांच्यात पुष्कळदा मजकूर जागच्या जागी असतो आणि नोंद गेलेली असते. कधी नोंद धड असते आणि मजकूर गेलेला असतो. लोक दोन्हीला "डेटा उडाला" म्हणतात, पण दोन्हींवरचा इलाज वेगळा आहे. म्हणून या वेळी थोडं खोलात लिहिते.

ताई, ऑनलाइन अर्जांसाठी लोकांचे फोटो आणि सह्या स्कॅन करून मी एका फोल्डरात ठेवतो. एकेक फाइल २० केबीची, अशा दहा हजारांच्या आसपास झाल्या. पेन ड्राइव्हवर त्या फोल्डरचा आकार २०० एमबीच्या जवळ दाखवते, आणि त्याच्याच खाली 'डिस्कवरील आकार' सव्वा जीबी. संगणकावर तेच फोल्डर ठेवलं तर दोन्ही आकडे सारखे. असं काहून? खरा आकडा कोणता धरायचा?
— ग्रामपंचायतीचे संगणक परिचालक, ता. दारव्हा

भाऊ, दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला आकडा मजकुराचा आणि दुसरा त्यानं अडवलेल्या जागेचा.

फाइल सिस्टिम जागा एकेका बाइटनं देत नाही. ती ठरावीक मापाचा तुकडा देते, त्याला क्लस्टर म्हणतात. तुमच्या संगणकावर एनटीएफएस ही विंडोजची फाइल सिस्टिम आहे, तिथं क्लस्टर साधारणपणे ४ केबीचा. २० केबीची सही म्हणजे बरोबर पाच क्लस्टर, वाया काही जात नाही. पेन ड्राइव्ह मात्र तुम्ही ६४ जीबीचा घेतला आहे असं पत्रात लिहिलंत. तो बहुधा एक्सफॅट या फाइल सिस्टिमचा आहे, आणि ३२ जीबीच्या वरच्या ड्राइव्हवर विंडोज एक्सफॅटचा क्लस्टर १२८ केबीचा धरते. म्हणजे २० केबीच्या सहीलाही १२८ केबी द्यावेच लागतात आणि उरलेल्या १०८ केबीत दुसरी फाइल शिरू शकत नाही. दहा हजार गुणिले १२८ केबी, झाले सव्वा जीबी.

यावर सोपा उपाय म्हणजे गावाप्रमाणे किंवा महिन्याप्रमाणे या फाइलींची झिप करून पेन ड्राइव्हवर ठेवा. दहा हजार फाइलींच्या जागी बारा-पंधरा फाइली होतील आणि नकल करायलाही कितीतरी कमी वेळ लागेल. प्रत्येक छोट्या फाइलमागे नावाची नोंद, तारखेची नोंद, जागेची नोंद असा वेगळा खटाटोप असतो, आणि मजकुरापेक्षा त्यातच जास्त वेळ जातो.

एक गमतीची गोष्ट तुमच्या संगणकावरच करून पाहा. नोटपॅडमध्ये दोन ओळी लिहून जतन करा आणि त्या फाइलचे गुणधर्म उघडा. 'डिस्कवरील आकार' शून्य दिसेल. एनटीएफएसमध्ये प्रत्येक फाइलची नोंद एका मोठ्या तक्त्यात, सहसा १ केबीच्या खणात असते. मजकूर काहीशे बाइटच असेल तर तो त्या खणातच बसवला जातो. वेगळा क्लस्टर लागलाच नाही, म्हणून शून्य.

ताई, लग्नाचं शूटिंग केलं आणि पोरानं चुकून कार्डावरचं सगळं डिलीट केलं. वरातीच्या वेळी जागा कमी पडली म्हणून मधले मधले फोटो मीच काढून टाकले होते. नंतर कार्ड बाजूला ठेवलं, एका सॉफ्टवेअरनं रिकव्हर केलं. फोटो जवळपास सगळे आले. व्हिडिओ आले म्हणते, आकारही दाखवते, पण चालत एकही नाही. पार्टी रोज फोन करते. काही होईल का जी?
— छायाचित्रकार, ता. मोर्शी

दादा, कार्ड बाजूला काढून ठेवलंत आणि त्यावर नवीन काही लिहिलं नाही, हे फार चांगलं केलंत. म्हणूनच अजून आशा आहे.

तुमचं कार्ड ३२ जीबीचं आहे, म्हणजे त्यावरची फाइल सिस्टिम फॅट३२. या घराण्याची सुरुवात १९७७ साली मायक्रोसॉफ्टमध्ये मार्क मॅक्डोनाल्ड यांनी फ्लॉपीसाठी केली, आणि मूळ रचना आजही तीच आहे. फोल्डरमधल्या नोंदीत फाइलचं नाव, आकार आणि फक्त पहिल्या क्लस्टरचा नंबर असतो. पुढचे नंबर एका वेगळ्या तक्त्यात. समजा व्हिडिओ ५०० नंबरला सुरू होतो. तक्त्यात ५०० समोर लिहिलंय ५०१, ५०१ समोर ५०२, आणि ५०२ समोर एकदम ९३०, कारण ५०३ पासून दुसऱ्या फोटोंनी जागा घेतलेली होती. अशी साखळी शेवटच्या खुणेपर्यंत जाते.

डिलीट केलं की फोल्डरमधल्या नावाचं पहिलं अक्षर बदलून 'पुसलं' अशी खूण होते, आणि तक्त्यातली ती पूर्ण साखळी शून्य केली जाते. मजकुराला कोणी हात लावत नाही. सुरुवातीचा नंबर आणि आकार बहुधा शिल्लक राहतात. म्हणून तुमच्या सॉफ्टवेअरला व्हिडिओचं नाव कळलं, आकार कळला, ५०० पासून सुरुवात आहे हेही कळलं. पण ५०२ नंतर ९३० ला जायचं आहे, ही गोष्ट ज्या एका ठिकाणी लिहिली होती तिथं आता शून्य आहे. सॉफ्टवेअर मग सगळं सलगच असणार असं धरतं आणि ५०३, ५०४ असं उचलत जातं. फोटो पाच-दहा एमबीचा, तो बहुतेक वेळा सलगच असतो, म्हणून तो धड येतो. व्हिडिओ मोठा, आणि तुम्ही मधले फोटो काढून जी भोकं केलीत, ती भरत भरत कॅमेऱ्यानं तो लिहिला. त्यामुळे परत आलेल्या व्हिडिओच्या पोटात दुसऱ्याच फोटोंचे तुकडे आहेत.

यात आणखी एक अडचण आहे. एमपी४ फाइलमध्ये कुठली फ्रेम कुठे आहे, याची फाइलच्या आतली एक सूची असते. पुष्कळ कॅमेरे ती रेकॉर्डिंग थांबवल्यावर शेवटी लिहितात. शेवटचा तुकडा चुकीचा आला की सूची गेली, आणि सूचीशिवाय प्लेअर सुरूच होत नाही.

आता काय करायचं ते सांगते. कार्डाचं लॉक लावा. त्याची पूर्ण प्रत, म्हणजे पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्क वाचण्याचं सगळ्यात लहान माप) शेवटच्यापर्यंतची इमेज, संगणकावर काढून घ्या आणि पुढचे सगळे प्रयोग त्या इमेजवर करा, कार्डावर नाही. क्रिस्तोफ ग्रनिए यांचं फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर तक्त्याकडे न पाहता सरळ मजकुरात फाइलच्या सुरुवातीच्या खुणा शोधतं. जेपेगची सुरुवात एफएफ, डी८, एफएफ अशा बाइटनी होते, म्हणून तो सापडतो. राहिलेले फोटो त्यानं येतील. व्हिडिओसाठी मात्र तुकडे जुळवणारा जाणकार लागेल. त्याच्याकडे इमेज द्याल तेव्हा त्याच कॅमेऱ्यावर, त्याच सेटिंगनं काढलेला एक धड व्हिडिओ सोबत द्या. त्यावरून हरवलेली सूची पुन्हा बांधता येते. सगळं येईलच असं वचन मी देणार नाही, पण सप्तपदीची दहा मिनिटं जरी आली तरी त्या घरासाठी ती मोठी गोष्ट आहे.

आणि यापुढे चालू कार्यक्रमात कार्डावरून एकेक फोटो काढत बसू नका. दुसरं कार्ड ठेवा. काम झालं की दोन ठिकाणी नकल करा, ती उघडून पाहा, आणि मगच कॅमेऱ्यातूनच कार्ड फॉरमॅट करा. रिकाम्या कार्डावर फाइली सलग लिहिल्या जातात, आणि सलग फाइल साखळी गेली तरी परत मिळते. लॅपटॉपच्या एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या चिपच्या डिस्कवर, मात्र हा भरवसा धरू नका. तिथं डिलीट केल्यावर फाइल सिस्टिम ट्रिम नावाचा संदेश देऊन ड्राइव्हला ती जागा मोकळी झाल्याचं सांगते, आणि मग मजकूर परत मिळण्याची शक्यता फारच थोडी उरते.

१ टीबीची हार्ड डिस्क घेतली, संगणक ९३१ जीबी दाखवतो. दुकानदारानं फसवलं का?
— किराणा व्यापारी, उमरखेड

नाही काकाजी. कंपनी १ टीबी म्हणजे एकावर बारा शून्य इतके बाइट धरते. विंडोज १०२४ च्या पटीत भागते. भागाकार करून पाहा, ९३१ च येतात. बाइट एकही कमी नाही.

मॅडम, वसुलीच्या याद्या पेन ड्राइव्हवर उघडून काम करत होतो, मधेच लाइन गेली. पुन्हा लावला तर संगणकानं तपासणी केली आणि 'फाउंड.०००' नावाचं फोल्डर तयार झालं, त्यात 'सीएचके' अशा फाइली. माझी यादी मात्र जुनीच उघडते. या नव्या फाइली पुसून टाकू का?
— सेवा सहकारी संस्थेचे गटसचिव, ता. समुद्रपूर

साहेब, अजिबात पुसू नका. तुमचं हरवलेलं काम बहुधा त्यांच्यातच आहे.

वरच्या उत्तरात फॅटच्या तक्त्याचं सांगितलं तेच इथं लागू पडतं. फाइल जतन होताना तीन गोष्टी लिहाव्या लागतात: मजकूर, तक्त्यातली साखळी, आणि फोल्डरमधली नोंद. त्या एकाच क्षणी लिहिल्या जात नाहीत. मधे लाइन गेली तर साखळी लिहिलेली असते आणि फोल्डरमध्ये तिचा धनी कोणी नसतो. तपासणीत संगणकाला असे बिनधन्याचे क्लस्टर सापडले की तो त्यांना 'सीएचके' नावानं गोळा करतो. त्या फाइलींची प्रत काढा, आणि प्रतीचं शेपूट बदलून एक्सेलचं करून उघडून पाहा. एक्सेल 'फाइल दुरुस्त करू का' असं विचारेल, हो म्हणा.

फॅट आणि एक्सफॅट या दोन्हींत जर्नल नसतं. जर्नल म्हणजे नोंदीत काय बदल करणार आहोत, ते आधी एका वेगळ्या जागी लिहून ठेवायचं आणि मग बदल करायचा. लाइन आली की फाइल सिस्टिम जर्नल वाचून अर्धवट बदल पूर्ण करते किंवा सोडून देते. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये हे १९९३ पासून आहे, लिनक्सच्या ईएक्सटी घराण्यातल्या फाइल सिस्टिममध्ये ईएक्सटी३ बरोबर २००१ साली आलं. म्हणून आमच्याकडे उन्हाळ्यात दिवसातून चार वेळा लाइन जात असताना चालू फाइल पेन ड्राइव्हवर उघडून काम करणं मला धोक्याचं वाटतं. काम संगणकाच्या डिस्कवर करा, संध्याकाळी नकल पेन ड्राइव्हवर घ्या.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. जर्नल बहुतेक ठिकाणी फक्त नोंदीचं रक्षण करतं, मजकुराचं नाही. नोंद धड राहिली म्हणजे तुम्ही शेवटी टाइप केलेले आकडेही राहिले, असं होत नाही. त्यासाठी यूपीएसच लागतो. संस्थेच्या ठरावात घ्या, हा खर्च सभासदांच्याच कामाचा आहे.

मॅडम, मी बी.एस्सी. संगणकशास्त्राला आहे, घरी धानाची शेती आहे. प्रोजेक्टसाठी लिनक्सवर 'फाइलफ्रॅग -व्ही' ही फाइलचे डिस्कवरचे पत्ते दाखवणारी आज्ञा चालवून पाहिली. १ जीबीच्या फाइलला आठ-दहा ओळी आल्या, म्हणजे तिचे तेवढे तुकडे झाले का? नुकत्याच लिहिलेल्या फाइलला पत्त्याच्या जागी शून्य आलं आणि पुढं 'अननोन लोक, डेललॉक', मग थोड्या वेळानं पत्ता आला. आणि हा जो भौतिक पत्ता दाखवतात, तिथं मजकूर खरंच असतो का?
— विद्यार्थिनी, ता. मूल

तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

तुझ्या वडिलांच्या खात्याचा ८-अ उतारा घरी असेल. त्यात त्यांच्या नावावर गावातल्या कुठल्या गटात किती जमीन आहे, ते ओळीनं लिहिलेलं असतं. बांध्या एकाला एक लागून असोत की गावाच्या दोन टोकांना, खातं एकच. लिनक्समध्ये आयनोड हे फाइलचं असं खातं आहे. त्यात मालक कोण, आकार किती, तारखा कोणत्या, आणि मजकूर कुठं कुठं पडला आहे याची यादी असते. आयनोडची ही कल्पना युनिक्सची, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची, बेल लॅब्जमधली, केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या कामातून आलेली.

यादी कशी लिहायची, यात मात्र पुढं मोठा बदल झाला. लिनक्सच्या जुन्या ईएक्सटी२ फाइल सिस्टिममध्ये प्रत्येक ब्लॉकचा (लिनक्समध्ये क्लस्टरला ब्लॉक म्हणतात) नंबर वेगळा लिहावा लागे. आयनोडमध्ये पहिल्या १२ ब्लॉकचे नंबर सरळ, म्हणजे ४ केबीच्या ब्लॉकप्रमाणे ४८ केबी. त्यापुढं एक ब्लॉक फक्त नंबरांनी भरलेला, त्यात १०२४ नंबर, म्हणजे आणखी ४ एमबी. मग नंबरांच्या ब्लॉकचे नंबर, त्यानं ४ जीबी, आणि तिसरी पायरी ४ टीबीची. तुझ्या १ जीबीच्या फाइलला अशा पद्धतीत २,६२,१४४ नंबर लिहावे लागले असते, जरी ती डिस्कवर संपूर्ण सलग असती तरी.

तिच्या पुढच्या पिढीनं, ईएक्सटी४ नं, एक्स्टेंट घेतला. एक्स्टेंट म्हणजे ८-अ ची एक ओळ: फाइलचा कितव्या नंबरचा ब्लॉक, डिस्कवर कुठून, आणि तिथून सलग किती. एका ओळीत जास्तीत जास्त ३२,७६८ ब्लॉक, म्हणजे १२८ एमबी. अशा चार ओळी आयनोडच्या आतच मावतात, जास्त लागल्या तर बाहेर झाड तयार होतं. आता गणित कर. १ जीबी भागिले १२८ एमबी, निदान आठ ओळी आल्याच पाहिजेत. तुझ्या आठ-दहा ओळी तुकड्यांच्या नाहीत, ओळीच्या मर्यादेच्या आहेत. खरा तुटकपणा पाहायचा तर 'एक्स्पेक्टेड' नावाचा रकाना बघ. मागची ओळ जिथं संपली तिथूनच पुढची सुरू झाली असेल, तर तो रकाना रिकामा असतो. पुढची ओळ दुसरीकडे गेली, की तिथं अपेक्षित पत्ता छापला जातो. प्रोजेक्टमध्ये तू ओळी मोजू नकोस, हा भरलेला रकाना मोज.

फाइलफ्रॅगला हे सगळं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सांगतं, आणि विचारण्याचे दोन मार्ग आहेत. जुना फिबमॅप. त्याला एका वेळी एकाच ब्लॉकचा पत्ता विचारता येतो आणि रूट, म्हणजे मुख्य वापरकर्त्याचे, अधिकार लागतात. तुझ्या फाइलसाठी २,६२,१४४ वेळा विचारायचं. दुसरा फीमॅप. तो २००८ च्या डिसेंबरात लिनक्स २.६.२८ मध्ये आला, त्याच आवृत्तीत ईएक्सटी४ ही स्थिर म्हणून जाहीर झाली. फीमॅप एका प्रश्नात कितीतरी एक्स्टेंट देतो, आणि प्रत्येकासोबत खुणाही देतो. मला या खुणा पत्त्यापेक्षा महत्त्वाच्या वाटतात, कारण हा पत्ता किती धरून चालायचा हे त्या प्रामाणिकपणे सांगतात.

'डेललॉक' ही त्यातलीच खूण. तू फाइल लिहिलीस तेव्हा मजकूर आधी मेमरीत राहिला. ईएक्सटी४ मुद्दाम थांबते, कारण फाइल शेवटी किती मोठी होणार हे कळल्यावर सलग जागा शोधणं सोपं जातं. सर्वसाधारण सेटिंगला हा काळ अर्ध्या मिनिटाच्या आसपास असतो. त्या वेळात विचारलंस तर उत्तर खरंच आहे: मजकूर आहे, डिस्कवर पत्ता अजून ठरलेला नाही. 'सिंक' आज्ञा देऊन पुन्हा विचार, पत्ता येईल. 'अनरिटन' अशी खूण दिसली तर जागा राखून ठेवली आहे पण तिथं अजून काही लिहिलेलं नाही, वाचलं तर शून्यं मिळतात. आणि यादीत मधला भागच नसेल तर ते भोक. तिथं जागा दिलेलीच नाही. म्हणूनच २० जीबीची म्हणून दिसणारी आभासी संगणकाची फाइल प्रत्यक्षात ३ जीबीच अडवू शकते. 'एलएस -एल' पहिला आकडा दाखवतं, 'डीयू' दुसरा.

या खुणांकडे दुर्लक्ष केलं तर काय होतं, याचं उदाहरण प्रोजेक्टमध्ये जरूर घाल. २०११ च्या सुमारास लिनक्सच्या 'सीपी' आज्ञेनं भोकं टाळून भराभर नकल करण्यासाठी फीमॅपची यादी वापरायला सुरुवात केली. नुकत्याच लिहिलेल्या, पत्ता न मिळालेल्या मजकुराला भोक समजलं गेलं, आणि काही नकलांत मजकुराच्या जागी शून्यं आली. त्याच वर्षी लिनक्स ३.१ मध्ये 'पुढचा मजकूर कुठं आहे' आणि 'पुढचं भोक कुठं आहे' एवढंच विचारण्याची वेगळी सोय आली. नकल करणाऱ्याला डिस्कवरचा पत्ता लागतच नाही, त्याला एवढंच कळलं तरी पुरतं. पत्त्याची यादी पाहण्यासाठी, तपासासाठी वापरावी. तिच्यावर विसंबून मजकूर हलवू नये, हे माझं ठाम मत आहे.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न. तो पत्ता फाइल सिस्टिमच्या सुरुवातीपासून मोजलेला असतो, डिस्कच्या नाही. समजा फाइलफ्रॅगनं ३४,८१६ ब्लॉक दाखवला. ५१२ बाइटचे आठ सेक्टर म्हणजे एक ब्लॉक, म्हणून २,७८,५२८ सेक्टर. पार्टिशन, म्हणजे डिस्कचा तो भाग, २०४८ व्या सेक्टरपासून सुरू होत असेल तर ते मिळव, डिस्कचा सेक्टर आला २,८०,५७६. हार्ड डिस्क असेल तर मजकूर बहुतेक तिथंच आहे, पण खराब झालेल्या सेक्टरच्या जागी डिस्क स्वतःच राखीव सेक्टर वापरते आणि तो बदल वर कळवत नाही. एसएसडीत तर ड्राइव्हच्या आतला नियंत्रक मजकूर सतत हलवत असतो आणि आपला वेगळा तक्ता ठेवतो. बीटीआरएफएस या लिनक्सच्याच दुसऱ्या फाइल सिस्टिमवर चालवशील तर दिसणारा पत्ता त्या फाइल सिस्टिमच्या स्वतःच्या हिशेबातला असतो, डिस्कचा नव्हे. ८-अ बरोबर असला तरी बांधाची जागा मोजणीवाल्यालाच ठरवावी लागते, आणि एसएसडीत ती मोजणी आपल्याला करता येत नाही. 'भौतिक' या रकान्याचा अर्थ प्रोजेक्टमध्ये लिहिताना एवढाच लिही: फाइल सिस्टिम ज्या पत्त्यावर ड्राइव्हकडे मागणी करते, तो पत्ता.

तुझ्या कॉलेजात विंडोजचे संगणक असतील तर 'एफएसयूटिल फाइल क्वेरीएक्स्टेंट्स' ही आज्ञा तिथं हेच काम करते. दोन्हींची तुलना कर, परीक्षकांनाही नवीन वाटेल.

काट्याच्या संगणकावर हंगामाच्या शेवटी पावती काढायला फार वेळ लागतो, कापसाच्या गाड्यांची रांग लागते. एक जण म्हणतो डीफ्रॅग करा, दुसरा म्हणतो त्यानं डिस्क खराब होते. काय करावं?
— जिनिंगचे हिशेबनीस, हिंगणघाट

भाऊ, डीफ्रॅग म्हणजे फाइलचे विखुरलेले तुकडे सलग लावणं. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे, आधी डिस्क कोणती ते पाहा. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या डिस्कला एक फेरी पूर्ण करायला ८.३ मिलिसेकंद लागतात, आणि मजकूर वाचणाऱ्या डोक्याखाली येण्याची सरासरी वाट त्याच्या निम्मी. डोकं सरकण्याचा वेळ वेगळा. काट्याच्या नोंदींची फाइल रोज थोडी थोडी वाढते. प्रत्येक वेळी मिळेल तिथं जागा घेते, त्यामुळे हंगामाच्या शेवटी ती तुकड्या-तुकड्यांची होते आणि प्रत्येक तुकड्याला तो वेळ पुन्हा द्यावा लागतो. अशा डिस्कवर रात्री, यूपीएस लावून, आधी बॅकअप घेऊन डीफ्रॅग करा, फरक पडेल. मात्र ६४ एमबीहून मोठ्या तुकड्यांना विंडोज मोजतच नाही, तेवढ्यानं वेग अडत नाही.

एसएसडी असेल तर तुकड्यांनी असा वेळ जात नाही, उगाच लिहिण्याचा भार वाढतो. विंडोजचं 'ऑप्टिमाइझ' बटण तिथं मुख्यतः ट्रिमच करतं, ते दाबायला हरकत नाही. माझा सल्ला विचाराल तर पुढच्या हंगामाआधी काट्याला एसएसडीच लावून घ्या. रांगेतला शेतकरी रात्रभर बैलगाडीपाशी थंडीत बसतो, त्याचा विचार करा.

शाळेच्या लॅबमध्ये लिनक्स आहे. 'डीएफ' म्हणते डिस्क भरली, 'डीयू' नं सगळ्या फोल्डरांची बेरीज केली तर कितीतरी जागा शिल्लक दिसते. मुलांचं काम जतन होत नाही. कुठं गेली जागा?
— शिक्षिका, ता. धारणी

बाई, दोन्ही आज्ञा वेगवेगळ्या ठिकाणी विचारतात. 'डीएफ' फाइल सिस्टिमला विचारते की किती ब्लॉक दिलेले आहेत. 'डीयू' नावांच्या मागे मागे जाऊन एकेका फाइलचे ब्लॉक मोजते. ज्या फाइलला नावच उरलं नाही, ती 'डीयू'ला सापडत नाही.

अशी फाइल कशी होते, तर एखादा प्रोग्रॅम फाइल उघडून लिहीत असताना कोणीतरी ती पुसली. नाव गेलं, पण प्रोग्रॅमनं धरून ठेवली आहे तोवर आयनोड आणि ब्लॉक तसेच राहतात. लॅबमध्ये बहुधा लॉग फाइलचं असं होतं. त्याशिवाय ईएक्सटी४ नेहमीच्या सेटिंगला ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते, ती मुलांना मिळत नाही. आणि 'डीएफ -आय' ही चालवून पाहा. आयनोडची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते, साधारण १६ केबीला एक. फार छोट्या फाइली फार झाल्या तर जागा असूनही आयनोड संपतात, आणि संदेश तोच येतो: जागा नाही.

आधी रूट म्हणून 'एलएसओएफ +एल१' चालवा. नाव गेलेल्या पण उघड्या असलेल्या फाइली आणि त्या धरणाऱ्या प्रोग्रॅमची नावं तिथं दिसतील. तो प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करा, जागा लगेच सुटेल. प्रोग्रॅम ओळखता आला नाही तर संगणक रीतसर बंद करून चालू केला तरी चालतं.